पलीकडून दिसणारी मुंबई

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मध्यंतरी उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे वाचन-लेखन बंद होतं. आता ठीक आहे. पूर्वी रात्री प्रत्येक दिव्याभोवती एक वलय दिसायचं, जणू सगळे रस्त्याचे दिवे संतपदाला पोचले होते! ती वलयं गेली. दिवा आता दिव्यासारखा दिसतो.

या नव्या डोळ्याने मी पहिली मोठी गोष्ट पाहिली ती म्हणजे रात्रीची मुंबई. आणि तीही मुंबईतून नाही, तर समुद्रापलीकडून, घारापुरी बेटावरून. २०२५च्या जानेवारीत, पौष अमावास्येच्या आदल्या रात्री.

नातीला फोटोग्राफीचा नाद आहे. तिला "रात्रीची मुंबई, पण कुणी काढली नसेल अशी" हवी होती. रात्रीच्या मुंबईचा फोटो म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? मलबार हिलच्या कमला नेहरू पार्कमधून दिसणारा मरीन ड्राइव्हचा अर्धगोल, राणीचा रत्नहार. माझ्या लहानपणी कॅलेंडरांवर तोच असायचा, पोस्टकार्डांवर तोच, सिनेमात तोच. तो सुंदर आहे यात वाद नाही. पण इतिहास शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाला त्यात एक खोट दिसते. मरीन ड्राइव्ह ही विसाव्या शतकातली, समुद्र बुजवून मिळवलेली किनार. मूळ मुंबईचं तोंड त्या बाजूला नव्हतंच. किल्ला, गोद्या, बंदरं, पुढे ताज आणि गेटवे, सगळं पूर्वेच्या बंदराकडे तोंड करून उभं आहे. परदेशातून येणाऱ्याला मुंबई पहिल्यांदा दिसायची ती या बाजूने, बोटीच्या डेकवरून. तेव्हा मी नातीला म्हटलं, मुंबईचा चेहरा बघायचा असेल तर समोर जाऊन उभं राहायला पाहिजे. समोर म्हणजे घारापुरी.

दुसरं एक कारण होतं, ते तिला तेव्हा सांगितलं नाही. ते आधी तुम्हाला सांगतो.

साल १९८६. मी उरण तालुक्यात खाडीकाठच्या एका शाळेत आठवीला इतिहास आणि मराठी शिकवत होतो. वर्गात एक मुलगा घारापुरीहून होडीने यायचा. वारा-पाऊस असला की गैरहजर. मी निबंधाला विषय दिला, "वीज नसती तर…". माझ्या पिढीच्या सगळ्या शिक्षकांनी हा विषय कधी ना कधी दिलेला आहे. "पंखे फिरले नसते, गिरण्या थांबल्या असत्या, मानव अंधारात चाचपडत राहिला असता" अशी ठरलेली वाक्यं पोरं लिहायची आणि आपण ठरलेले गुण द्यायचे. या मुलाच्या वहीत दोन ओळी होत्या:

"वीज नसती तर काही झालं नसतं. आमच्याकडे नाही."

मी लाल शाईने "विषय समजला नाही" असा शेरा मारला. दहापैकी शून्य. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण मी ती वही वर्गात वाचून दाखवली. पोरं हसली. मीही हसलो. तो मात्र हसला नाही, वही घेऊन खाली बसला.

घारापुरीवर वीज नाही हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. उरणला राहणाऱ्या कुणाला माहीत नव्हतं? पण माहीत असणं आणि लक्षात येणं यात किती अंतर असतं पाहा.

असो. तर घारापुरी. मुंबईच्या गेटवेपासून सुमारे दहा किलोमीटर. पर्यटक सकाळी लाँचने जातात, लेणी बघतात, माकडांना शिव्या देतात आणि संध्याकाळच्या लाँचने परत येतात. बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावं आहेत, तिथे माणसं राहतात, हे अनेकांच्या गावीही नसतं. बेट रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात. पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून त्याला एलिफंटा नाव दिलं, तो हत्तीही आता बेटावर नाही. १८६४ साली तो हलवला आणि आज तो भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. म्हणजे नाव बेटाला आणि हत्ती मुंबईला! हा हिशेब पुढे बराच लांबतो.

पर्यटकांना बेटावर मुक्काम करता येत नाही. आम्ही गावकऱ्याचे पाहुणे म्हणून गेलो. गावकरी म्हणजे तोच, दोन ओळींचा निबंधकार. नाव देत नाही, त्याला आवडायचं नाही. आता पन्नाशी ओलांडली आहे, शेतबंदरला छोटंसं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी उरणला एका लग्नात भेटला आणि "सर, एकदा घरी या" म्हणाला. त्याला निबंध आठवतो की नाही हे विचारायचा मला धीर झाला नाही.

दुपारच्या लाँचने पोचलो. अमावास्या जवळ आली की आमच्या बंदरात भर दुपारी आणि मध्यरात्री उधाणाची भरती असते आणि संध्याकाळी पाणी पार आत जातं. त्यामुळे आम्ही उतरलो तेव्हा धक्क्याला पाणी चढलेलं होतं आणि सूर्य कलला तेव्हा दोन्ही बाजूंना नुसता चिखल चमकत होता. नात आधी हिरमुसली, पण नंतर तिच्या लक्षात आलं की ओल्या चिखलावर आकाशाचा रंग उतरतो आहे.

आणि मग सूर्य मुंबईमागे बुडाला. मुंबईत राहणाऱ्याला हे दृश्य कधी दिसत नाही, कारण त्याचा सूर्य समुद्रात बुडतो. इथून तो इमारतींच्या मागे जातो. अर्धा-पाऊण तास सगळं शहर काळ्या कागदातून कात्रीने कापून काढल्यासारखं दिसतं. नातीच्या म्हणण्याप्रमाणे खरा फोटो याच वेळात मिळतो. पूर्ण अंधार पडला की इमारतींच्या कडा हरवतात, नुसते ठिपके उरतात. सूर्यास्तानंतर वीस-तीस मिनिटांनी आकाश गडद निळं असतं आणि दिवेही लागलेले असतात, तेव्हा दोन्ही एकाच फोटोत येतात. तिपाई जमिनीवर घट्ट, आयएसओ शंभर, छिद्र आठवर, पंधरा सेकंद. बटण हाताने दाबायचं नाही, कारण बोटाचा धक्काही पुरतो. दोन सेकंदांचा टायमर लावायचा आणि मागे सरायचं.

हे ऐकताना मला माझा १९७७चा पराक्रम आठवला. शिक्षकमित्राचा याशिका कॅमेरा उसना घेऊन मी मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या संध्याकाळच्या लाँचमधून मुंबईचे दिवे टिपले होते. एकशेवीसचा रोल, बारा फोटो. कॅमेरा छातीशी धरून श्वास रोखून मनात आकडे मोजले. रोल धुऊन आला तेव्हा बाराच्या बारा फोटोंत काळ्या पाटीवर गांडुळं वळवळत होती. मी श्वास रोखला होता, पण समुद्राने रोखला नव्हता! फोटोवाल्याने पैसे पूर्ण घेतले.

पण माझं लक्ष कॅमेऱ्यापेक्षा समोर होतं. एकेक दिवा लागताना बघत होतो आणि डोक्यात इतिहासाचा तास सुरू झाला होता. जुनी खोड.

मुंबईत फोटोग्राफीची संस्था निघाली ती १८५४ साली. डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही त्यात होते. पण त्या काळी रात्रीच्या शहराचा फोटो ही कल्पनाच शक्य नव्हती. एक तर काचेवर ओलं रसायन लावून दिवसाउजेडीसुद्धा माणसाला पुतळ्यासारखं उभं करावं लागे, आणि दुसरं म्हणजे फोटो काढावा असे दिवेच शहरात नव्हते. रस्त्यावर गॅसचे दिवे लागले ते १८६५च्या ऑक्टोबरमध्ये, एस्प्लनेड, चर्चगेट स्ट्रीट आणि भेंडीबाजारात. दिवे लावणारा माणूस एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे निघाला की त्याच्यामागे बघ्यांचा घोळका चालायचा, असं वर्णन आहे. विजेचा दिवा क्रॉफर्ड मार्केटात १८८२ साली आला, पण ती कंपनी वर्षभरातच बुडाली आणि मार्केट पुन्हा गॅसवर गेलं. (नव्या तंत्रज्ञानाने पहिल्या वर्षी तोंडावर पडायचं ही प्रथा तेव्हापासूनची.) पुढे १९०५ साली 'बेस्ट'ची कंपनी झाली, १९०७ साली विजेची ट्राम धावली. ही वीज कोळसा जाळून शहरातच तयार होत होती. तोवर मुंबई आपला उजेड आपणच करत होती म्हणा.

हिशेब बदलला तो १९१५ साली. टाटांनी लोणावळ्याला तलाव बांधले, ते पाणी सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीत सोडलं आणि तिथली वीज तारांवरून मुंबईत आणली. मुख्य गिऱ्हाईक होत्या कापडगिरण्या. खोपोलीतून सुटलेलं ते पाणी पाताळगंगेतून धरमतरच्या खाडीला येतं आणि तिथून याच बंदराच्या समुद्राला मिळतं. म्हणजे वीज डोंगरावरून तारेने मुंबईत गेली आणि पाणी तेवढं आमच्याकडे आलं.

वीज पुरेना. मग मुळशी. हा धडा मी वर्गात दरवर्षी शिकवला. मुळा आणि निळा नद्यांच्या संगमावर धरण, पन्नासच्या आसपास गावं बुडणार, आणि मावळातला शेतकरी १९२१च्या रामनवमीला धरणाच्या कामावर जाऊन बसला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी याच सत्याग्रहाने दिली. धरण होऊ नये म्हणून माणसं तुरुंगात गेली, आणि धरण झालं. भिऱ्याचं वीजकेंद्र १९२७ साली सुरू झालं. जगातला धरणाविरुद्धचा हा अगदी सुरुवातीचा संघटित लढा. पाठ्यपुस्तकात त्याला जेमतेम चार ओळी असायच्या. मी त्यावर पूर्ण तास घ्यायचो आणि मुलांना अभिमानाने सांगायचो की मुंबईच्या दिव्यात मावळ्याची जमीन जळते आहे. वाक्य टाळ्यांचं होतं. त्याच वर्गात तिसऱ्या बाकावर घारापुरीचा मुलगा बसलेला असायचा, आणि त्याच मास्तरने त्याच्या दोन ओळींना शून्य दिलं होतं. मुळशी लांब होती, इतिहासात होती, म्हणून मला दिसली. घारापुरी शाळेच्या खिडकीतून दिसायची.

समोरचं दृश्य मात्र नुसतं इतिहासजमा नाही. शेतबंदरच्या धक्क्यावर उभं राहिलं की पश्चिमेला दक्षिण मुंबई, तिच्या अलीकडे जवाहर द्वीपाच्या तेलाच्या धक्क्याचे दिवे. उत्तरेला ट्रॉम्बे, तिथल्या चिमण्यांवर विमानांसाठी लावलेले लाल दिवे. (त्या बाजूला कॅमेरा वळवायचा नाही, तशीच नौदलाच्या बोटींच्या बाजूलाही नाही, हे नातीला आधीच बजावलं होतं.) ट्रॉम्बेचं औष्णिक वीजकेंद्र १९५६चं. बेटापासून पाच-सहा किलोमीटरवर. वीज जिथे तयार होते ती चिमणी अंगणातून दिसते, आणि अंगणात कंदील. अशी सहा दशकं गेली.

ट्रॉम्बेच्या बाजूलाच आता अटल सेतूच्या दिव्यांची रांग दिसते. तो जानेवारी २०२४मध्ये सुरू झाला. आणि पाठीमागे, पूर्वेला, न्हावा-शेवा बंदराचा पिवळा झगमगाट. ते बंदर १९८९चं. त्याच्या आधीची गोष्ट आम्हा उरणकरांना कुणी सांगायला नको. नवी मुंबई आणि बंदरासाठी घेतलेल्या जमिनींच्या भावासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभा राहिला आणि १६ व १७ जानेवारी १९८४ला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. त्या आठवड्यात आमच्या शाळेत निम्मे बाक रिकामे होते. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा मिळाला तो त्या लढ्यातून. आज त्या झगमगाटाकडे बघताना माझ्या मनात फक्त ते रिकामे बाक येतात, त्यावर जास्त लिहीत नाही.

म्हणजे बघा, बेट अंधारात आणि चहूबाजूंनी दिवाळी. शेजारी बसलेल्या म्हातारीने, म्हणजे आमच्या यजमानाच्या आईने, हे एका वाक्यात सांगितलं. मी विचारलं, आजी, इतकी वर्षं रोज हे समोर बघून काय वाटायचं? ती म्हणाली, "आमाला मुंबई दिसते, पन मुंबईला आमी दिसत नाय."

एकदाच उलटं झालं होतं. डिसेंबर १९७१. मी एकवीस वर्षांचा, उरणला. युद्ध सुरू झालं आणि ब्लॅकआउटचा हुकूम निघाला. खिडक्यांना काळे कागद, गाड्यांच्या दिव्यांना वरून अर्धा काळा रंग, बिडी ओढणाऱ्यालासुद्धा दटावायचे. आम्ही पोरं काळोखात मोऱ्याच्या बंदरावर जाऊन उभी राहायचो. समोर मुंबई नव्हतीच. नुसती नव्हतीच! जन्मापासून रोज बघितलेलं शहर पुसून टाकल्यासारखं. उजव्या हाताला घारापुरीचा डोंगर आणि डाव्या हाताला मुंबई, दोन्ही सारखीच काळी. तेवढे दोन आठवडे बेट आणि शहर बरोबरीत होती. लढाई थांबली आणि दिवे परत लागले त्या रात्री बंदरावर माणसांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. घारापुरीचा डोंगर काळाच राहिला, हे तेव्हा कुणाला सुचायचं कारण नव्हतं.

आणि पुढचं भारनियमन! २००५ नंतरची ती वर्षं. महाराष्ट्रभर तासन्‌तास वीज जायची आणि मुंबई त्यातून वगळलेली. उरणला माझ्या घरी मेणबत्तीच्या उजेडात मी पेपर तपासत बसायचो आणि गच्चीवर गेलं की समोर सगळं लखलखतं. तेव्हा मी तावातावाने मुंबईला नावं ठेवली. चार-पाच तासांच्या अंधाराने माझा इतका तिळपापड झाला होता.

फोटोकडे परत येतो. नातीने मला कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठं करून एकेक इमारत दाखवली, आणि मला गंमत वाटली ती अशी. माझ्या तरुणपणी मुंबईचे उंच दिवे डावीकडे, म्हणजे दक्षिणेला होते. त्याआधीच्या पिढ्यांसाठी १८७८चा राजाबाई टॉवर हीच शहराची उंची होती, २८० फूट. सत्तरच्या दशकात नरिमन पॉइंट आणि कफ परेडचे मनोरे उठले, ताजची नवी उंच इमारत १९७३ची, शेअर बाजाराची १९८०ची. आज ते सगळे डावीकडे ठेंगणे होऊन बसलेत. उंच दिव्यांची गर्दी आता मधोमध आहे, परळ, लोअर परळ, वरळीच्या बाजूला. राजाबाई टॉवर तर मला शोधूनही सापडला नाही.

आता परळ म्हणजे काय? गिरणगाव. ज्या गिरण्यांसाठी खोपोलीची वीज आणली, मुळशी बुडवली, त्या गिरण्या. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांची गिरणी पुन्हा कधी सुरू झाली नाही. आमच्या कोकणातल्या किती घरांत तो संप अजून संपलेला नाही हे नातेवाईकांना वेगळं सांगायला नको. भोंगे बंद झाले आणि त्या जागांवर मनोरे आले. श्रीनिवास मिलच्या जागेवर उभ्या राहिलेल्या 'वर्ल्ड वन'ची उंची २८० मीटर आहे. राजाबाई २८० फूट, हा २८० मीटर. आकडा तोच, माप बदललं. पोरांना तोंडपाठ करायला सोपं!

दिव्यांचा रंगही बदललाय. माझ्या आठवणीतली मुंबई पिवळी, सोडियमच्या दिव्यांची. २०१५ साली मरीन ड्राइव्हला पांढरे एलईडी लावले तेव्हा रत्नहाराचं सोनं गेलं म्हणून केवढी ओरड झाली, प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं आणि पुन्हा पिवळट छटेचे दिवे लावावे लागले. दिव्याच्या रंगासाठी कोर्ट, हे लिहिताना मला घारापुरीवरचे लोक आठवतात. बेटावरची लेणी जागतिक वारसा म्हणून १९८७ साली जाहीर झाली. पर्यटन वाढलं, मग जनरेटर आला, तोही संध्याकाळचे तीन-एक तास. डिझेल संपलं की तेवढेही नाही. खरी वीज आली २०१८च्या फेब्रुवारीत, न्हाव्याच्या बाजूने समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी.

वीज आली त्या रात्री काय केलंत, असं मी यजमानाला विचारलं. म्हणाला, "काही नाही सर, सगळे जागेच होते. लहान पोरं सारखी बटणं दाबत होती. मी म्हटलं, दाबा रे." मग म्हणाला, "खरं सांगू का, मला फ्रीजचं जास्त वाटलं. दुकानासाठी बर्फ पलीकडून लाँचने आणायचो, येईपर्यंत निम्म्याचं पाणी." त्याच्या दुकानातला तो फ्रीज आता वयाने सात वर्षांचा, घरघर करत होता. आम्ही बोलत होतो तेवढ्यात तो नातीकडे वळला आणि अगदी सहज म्हणाला, "तुझ्या आबांनी मला शून्य दिलं होतं, ठाऊक आहे का? निबंधात."

मी गप्प. नात माझ्याकडे बघायला लागली. त्याने तिला दोन्ही ओळी म्हणून दाखवल्या, एक शब्द इकडचा तिकडे नाही. ती हसली, मग हसता हसता थांबली. मी म्हटलं, "चुकलं माझं." आठवीतल्या मुलाला म्हणायचं वाक्य पन्नाशीच्या माणसाला म्हटलं. तो म्हणाला, "सर, राहू द्या. जेवायला बसू या, बोंबील गार होतात."

जेवून पुन्हा बाहेर आलो. मध्यरात्र जवळ आली होती, भरती चढली होती, पाणी थेट वाटेच्या कडेला लागलं होतं. नातीला आता तो दुसरा, पूर्ण अंधारातला फोटो हवा होता, पाण्यात मुंबईचं प्रतिबिंब असलेला. धक्क्यावरच्या खांबांचे दिवे आड येत होते म्हणून तिने दुकानापुढच्या ओट्यावर तिपाई मांडली. दोन-तीनदा काढून बघितलं आणि वैतागली. दुकानाच्या दारावरच्या बल्बचा उजेड भिंगावर पडून फोटोत पांढरा डाग येत होता. ती सहज म्हणाली, "काका, हा दिवा जरा बंद करता येईल का? पंधराच सेकंद."

यजमान दारात उभा होता. त्याचा हात बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला. मला वाटलं ऐकू गेलं नसेल. मग तो आईला आत हाक मारून म्हणाला, "आये, दिवा घालवतोय हां, लाइट नाय गेली, मीच घालवतोय." आणि बटण दाबलं.

अंधार झाला. समोर मुंबई एकदम वाढल्यासारखी वाटली. कॅमेऱ्याने टक् आवाज केला आणि उघडला. मी सवयीने आकडे मोजायला लागलो. आतून म्हातारीचा आवाज आला, "झाला का?" कुणी उत्तर दिलं नाही. बारा, तेरा, चौदा. पुन्हा टक् झालं आणि नात "झालं" म्हणायच्या आत त्याने दिवा लावला होता.

फोटो चांगला आलाय. वरच्या निम्म्या भागात मुंबई आहे, कफ परेडपासून परळच्या पुढपर्यंत, आणि तिच्याखाली पाण्यात सांडलेला तिचा उजेड. खालचा निम्मा भाग अगदी काळा आहे, तो बेटाचा काठ. काहीच दिसत नाही त्यात. घरी आल्यावर नातीने विचारलं, "आबा, हा खालचा भाग कापून टाकू का? फोटो उठून दिसेल."

नको म्हटलं.